जैबुन, महादेवी आणि पेवातला डबा

मी आयुष्यभर मास्तरीण होते असं सगळे म्हणतात, आणि पेन्शनच्या कागदावरही तसंच आहे. पण माझी पहिली नोकरी निलंग्याच्या मुलींच्या सरकारी शाळेत, निझामाच्या राजवटीच्या शेवटच्या दोन वर्षांत झाली, आणि तिथे शिकवणं हे तिसऱ्या नंबरचं काम होतं. पहिलं काम मुली घरातून आणणं, दुसरं काम त्या मोजणं. वेळ उरला तर शिकवणं.

आजच्या वाचकाला हे उलगडून सांगायला हवं. तेव्हा मुलगी एकटी शाळेत येत नसे. आमच्याकडे हुसेनबी नावाची पन्नाशीची बाई होती. ती सकाळी दारोदार जायची, बाहेरून हाक मारायची, आईच्या हातातून मुलीचा हात आपल्या हातात घ्यायची आणि अशा पंधरा-वीस मुलींची रांग घेऊन शाळेत यायची. संध्याकाळी तीच रांग उलटी. शाळेच्या फाटकाला जाड किंतानाचा पडदा होता. मुली अंगणात असताना त्याच्या आत पुरुषाचं पाऊल पडत नसे. पखालवाला पाणी घेऊन आला की बाहेरूनच खाकरायचा, मग मुली खोलीत जायच्या, मग तो रांजण भरायचा. एखादी मुलगी तासभर कुठे गेली हे समजलं नाही, एवढं गावात पसरलं असतं तरी दुसऱ्या दिवशी एकाही आईने हुसेनबीच्या हातात मुलीचा हात दिला नसता. म्हणून मी मोजायची. आल्यावर, पाण्याच्या सुट्टीनंतर, दुपारी आणि जाताना. मला झोपेतही आकडा चुकल्याची स्वप्नं पडत.

मी मूळची नांदेडची. वडील कोर्टात कागदांच्या नकला करायचे, त्यांनी घरीच मला उर्दू लिहायला शिकवलं, त्याच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी ही नोकरी लागली. सोबतीला आत्या आली. शाळेत शिकवणं उर्दूतून, मुलींच्या घरी मराठी, कानडी नाहीतर दखनी. हिंदू मुली मला बाई म्हणायच्या, मुसलमान मुली उस्तानीमाँ. एका तेलिणीची सासू तर नातीवर लक्ष ठेवायला म्हणून तीन महिने वर्गात भिंतीला टेकून बसली. नात कच्चीच राहिली, सासू मात्र वाचायला शिकली, आणि पुढे फळ्यावर माझा एखादा नुक्ता, म्हणजे अक्षराचं टिंब, सुटला की घसा खाकरायची. तिचा मला अजून अभिमान वाटतो.

शाळेत माझ्यावर एक मोठ्या बाई होत्या. त्या हैदराबाद शहरच्या. गावातलं वातावरण बिघडायला लागलं तशा त्या रजेवर गेल्या आणि परत आल्याच नाहीत. शाळा माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. त्या वर्षात माणसं एकमेकांशी हळू बोलत. बाजार दुपारीच उठायचा. कुणाच्या घरी गोधड्या फार शिवल्या जातायत असं कळलं की समजायचं, हे घर आता सोलापूरकडे, हद्दीच्या पलीकडे जाणार. आठवड्याला दोन-तीन मुली कमी व्हायच्या. मी हजेरीत त्यांच्या नावापुढे 'रुख्सत', म्हणजे रजा, असं लिहायची. नावं खोडायला हात धजत नव्हता.

राहिलेल्यांत महादेवी आणि जैबुन होत्या. दोघी अकरा वर्षांच्या. महादेवी लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांना सारं गाव अप्पा म्हणायचं. कापसाची आणि धान्याची मोठी उलाढाल, अंगाने स्थूल, बोलायला मऊ माणूस. जैबुन पिंजाऱ्याची. तिचे अब्बा, करीमभाई, खांद्यावर कमान घेऊन घरोघर कापूस पिंजायला जात. या दोघी एकाच तरटावर बसत, एकच पाटी आळीपाळीने वापरत, आणि एकीला प्रश्न विचारला तर दुसरीचे ओठ हलत. जैबुन तिला महा म्हणायची.

एका सोमवारी महादेवी आली नाही. ताप आलाय, असं हुसेनबीने सांगितलं. दुपारी पडद्याबाहेरून कुणीतरी हाक मारली. अप्पा होते. पुरुषाशी बोलायचं तर पडद्याच्या आत उभं राहून बोलायची रीत होती, तशी मी उभी राहिले.

"बाई, एक विचारायचं हाय. दुसऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नका."

"बोला."

"घरातला डबा गेला. पितळी. महादेवीच्या अव्वाचे, तिच्या आईचे, सगळे डाग त्यात. पुतळ्याची माळ, गोठ, कंबरपट्टा. माझ्या आईची लिंग ठेवायची चांदीची डबी. आम्ही गुरुवारी निघून राहिलो बाई. गोधड्यात घालून न्यायचं ठरलं होतं."

"शोधलंत?"

"सगळं घर उलटं केलं. मागच्या आठवड्यात दोन दिवस करीम पिंजारी घरात होता. गोधड्यांचा कापूस त्यानंच पिंजला. घरचे म्हणतेत त्यानंच नेला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मला वाटत न्हाई. पण गल्लीतल्या पोरांच्या कानावर गेलं तर ते त्याला सोडणार न्हाईत. आन त्याला हात लावला तर दुसरे आम्हाला सोडणार न्हाईत. अमीनाकडं, पोलिसात, जावं तर घरात काय होतं ते सगळ्यांना कळतंय. त्याची पोरगी तुमच्याकडं हाय. गोडीनं विचारून बघा. उद्या दुपारी येतो."

ते गेले, पण मी तिथेच पडदा धरून उभी होते. एका डब्यापायी गावात काय होऊ शकतं हे त्यांना कळत होतं तसं मलाही कळत होतं. आसपासच्या खेड्यांतून ऐकू येणाऱ्या गोष्टी याहून लहान कारणांनी सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या सुट्टीत मी जैबुनला एकटीला बोलावलं. गोडीनंच सुरुवात केली.

"महाच्या घरचा डबा तू पाहिलास?"

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली.

"जैबुन, माझ्याकडे बघ. पाहिलास?"

"उस्तानीमाँ, मला नका इचारू. कसम हाय."

"कुणाची कसम? अब्बांची?"

तिने मान हलवली. नाही म्हणून की सांगणार नाही म्हणून, कळलं नाही. मला रात्रभर झोप नव्हती, दुपारी अप्पा येणार होते, आणि ही पोरगी खाली बघत उभी. मी तिच्या गालात मारली. पूर्वी कुठल्या मुलीला मारलं नव्हतं, नंतरही नाही. वर म्हणाले, "तुझ्या अब्बांवर चोरीचा आळ आलाय. लोक त्यांना धरून नेतील. मग बस कसम घेऊन."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला. गालावर माझी बोटं उमटली होती तेवढीच लाल दिसत होती. ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पानी प्यायला जाऊ?"

मी म्हटलं, जा.

सुट्टी संपली. मुली तरटावर बसल्या. मी मोजल्या. चौदा हव्या होत्या, तेरा भरल्या. पुन्हा मोजल्या. हुसेनबीला म्हटलं, "जैबुन कुठाय?" तिने रांजण पाहिला, मागची मोरी पाहिली. फाटकातून कुणी गेलं नव्हतं, ती स्वतःच तिथे बसलेली होती. मग हुसेनबीचीच हाक आली, मागच्या अंगणातून. आवाज इतका बारीक होता की मी ओळखला नाही.

आमची शाळा एका जुन्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या भाड्याच्या घरात भरायची. मागच्या अंगणात लिंबाखाली त्याचं एक पेव होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खणलेला खड्डा, आकार रांजणासारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत ज्वारी भरून वरून फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायची. हे पेव कित्येक वर्षं वापरात नव्हतं, तळाशी धान्य कुजलेलं होतं. असं पेव उघडल्यावर एक-दोन दिवस कुणी आत उतरत नाही. कोंडलेली वाईट हवा माणसाला मारते, आणि मरणाऱ्याला गुदमरल्याचं कळतही नाही. झोप आल्यासारखं होतं म्हणतात. दर एक-दोन वर्षांनी कुठल्यातरी गावात एक माणूस उतरायचा, त्याला काढायला दुसरा, आणि दोघेही जायचे.

पेवावरची फरशी अर्धी फुटकी होती. तो तुकडा बाजूला सरकला होता आणि एक बारीक अंगाची मुलगी मावेल एवढी फट दिसत होती. फटीजवळ जैबुनची ओढणी नीट घडी करून ठेवलेली. अंगणातल्या खारट पाण्याच्या आडाचा दोर लिंबाच्या बुंध्याला बांधलेला, त्याचं दुसरं टोक आत गेलेलं.

मी पालथी पडून आत ओरडले. "जैबुन."

आतून आवाज आला. "ओढा."

मला हायसं वाटलं. दोर ताणलेला होता, वजन लागत होतं. मी आणि हुसेनबीने दोर ओढायला घेतला. वर येईपर्यंत मनात तिला जवळ घेत होते, रागावत होते, तिच्या आईला काय सांगायचं ते जुळवत होते. फटीशी काहीतरी ठणकन आपटलं. दोराच्या टोकाला पितळी डबा होता.

तिने दोर स्वतःला न बांधता डब्याला बांधला होता.

मी डबा बाजूला फेकला आणि पुन्हा हाका मारल्या. या वेळी आतून काही आलं नाही.

हुसेनबीने तोपर्यंत कंदील लावून आणला होता. दोराला बांधून आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. मी उतरायला निघाले तर तिने माझा दंड धरला. "नक्को बीबी. बत्ती बुझी तो तुम भी बुझते. पैले हवा हलाओ." तिचं माहेर शेतकऱ्याचं, तिला ठाऊक होतं. तिने लिंबाच्या फांद्या मोडून मोठा जुडगा बांधला आणि मला सांगितलं की हा आत सोडायचा, वर ओढायचा, पुन्हा सोडायचा, थांबायचं नाही. मी तसं करत राहिले. आणि ती फाटकाकडे पळाली.

मग मी एक आवाज ऐकला, कापड फाटल्याचा. हुसेनबीने पडदा ओढून खाली पाडला होता. बाहेर अप्पा उभे होते, उत्तर घ्यायला आलेले. त्यांच्यामागे त्यांची छकडी आणि गाडीवान. वीस वर्षं त्या पडद्याची राखण केलेली बाई त्यांना म्हणत होती, "अंदर आओ अप्पा, बच्ची मररी."

अप्पा पळत आले. त्यांना पळताना मी आधी पाहिलं नव्हतं. गाडीवानाने छकडीचा जाड दोर आणला. दोघांनी मिळून फरशी उलथून टाकली, तोंड पूर्ण मोकळं झालं. कंदील पुन्हा सोडला. खाली जाऊन तो मिणमिणला, पण विझला नाही. उजेडात एका कडेला जैबुन दिसली, भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर.

"मी उतरतो," अप्पा म्हणाले. पण त्यांचे खांदे त्या तोंडातून गेले नसते हे त्यांनाही दिसत होतं. गाडीवान त्यांच्याहून आडवा. हुसेनबीचे गुडघे धरलेले. राहिले मी. गाडीचा दोर काखेतून बांधून घेतला, आडाचा दोर हातात घेतला. नाकावर ओला पदर बांधला. त्याचा काही उपयोग नसतो हे मला पुढे कळलं. अप्पा म्हणाले, "बाई, मी मोजतो. शंभर झाले की तुम्ही असा-नसा, मी ओढणार."

आत किती वेळ होते कुणास ठाऊक. पायाखाली मऊ, कुजकं, घोट्यापर्यंत. आंबूस वास. डोकं लगेच जड झालं. जैबुनच्या काखेतून दोर घालताना माझी बोटं माझी राहिली नव्हती, गाठ दोनदा सुटली. वरून अप्पांचा आवाज येत होता, आकडे कानडीत. घाबरला की माणूस आपल्या आईच्या भाषेत मोजतो हे मला तेव्हा कळलं. गाठ बसली. दोर हलवला. तिचे पाय माझ्या तोंडावरून वर गेले. मग मलाही ओढलं.

लिंबाखाली तिला पालथी घातली, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. बाकीच्या तेरा मुली ओळीने उभ्या होत्या. हुसेनबी तिचे तळवे घासत दुवा पुटपुटत होती. अप्पा गुडघ्यांवर बसून धोतराच्या सोग्याने तिला वारा घालत होते. त्यांचा डबा त्यांच्या पायाशी चिखलात पडला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते. काही जाणवत होतं ते तिचा श्वास की अप्पांच्या सोग्याचा वारा, ते ठरवता येईना.

मग ती ओकली, आणि खोकली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले. पहिल्यांदा मला पाहिलं आणि अंग आकसून घेतलं. मग अप्पांना पाहिलं.

"म्या काही सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "महाला सांगा, म्या सांगितलं न्हाई."

अप्पांनी डबा उघडला. दागिन्यांवर वहीतून फाडलेला कागद होता. उर्दू त्यांना येत नव्हतं, त्यांनी तो माझ्याकडे दिला. मीच गिरवून घेतलेली अक्षरं. 'ये डब्बा महादेवी का और जैबुन का है. कोई खोले तो खुदा और शंकर दोनो देखरे.'

संध्याकाळपर्यंत सगळा उलगडा झाला. घरात मोठी माणसं म्हणायची की वाटेत नाक्यावर सगळं काढून घेतात. महादेवीने ते ऐकलं. अव्वाचे दागिने वाटेत जाण्यापेक्षा इथे ठेवले, तर परत आल्यावर मिळतील, असा तिचा हिशेब. डबा दप्तरात घालून तिने शाळेत आणला, दोघींनी फरशीचा तुकडा सरकवून तो पेवात सोडला आणि दुसऱ्या कुणाला ओढून काढता येऊ नये म्हणून सोबत दोरही टाकून दिला. शपथ घातली. घरात चोरीचा गवगवा झाला तेव्हा महादेवी तापाने पडली होती, तिला काही कळू दिलं नव्हतं.

त्याच दिवशी अप्पा करीमभाईंच्या घरी गेले. काय बोलले मला माहीत नाही. हुसेनबी शेजारी राहायची, तिने एवढंच सांगितलं की ते ओट्यावर खूप वेळ बसले आणि त्या घरचं पाणी प्यायले. ज्यांना तो काळ माहीत आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मी वर अहवाल पाठवला की मुलगी खेळताना पाय घसरून पडली. पडद्याचं कारण वादळ असं लिहिलं. चापट मारल्याचं कुठेच लिहिलं नाही.

गुरुवारी अप्पांची माणसं निघाली. जायच्या आधी महादेवीला घेऊन तिची अव्वा जैबुनच्या दाराशी उभी राहिली होती, तापातल्या पोरीला धरून. आणि पोरीचा हिशेब बरोबरच निघाला. नाक्यावर गाडी अडवली, गोधड्या उसवल्या, डबा गेला. कोण होते ते, हे अप्पांनी कधी सांगितलं नाही. सगळे जिवंत पलीकडे पोचले.

पुढे दोन महिन्यांत शाळा बंद पडली, मी नांदेडला गेले. राजवट बदलली. मग भीतीने घरं बदलली, ती आता मुसलमानांच्या घरांत शिरली. अप्पा परत आले तेव्हा करीमभाईंच्या दाराला कुलूप होतं, ते उदगीरला मेव्हण्याकडे गेल्याचं कळलं. शाळा पुन्हा सुरू झाली, मराठीतून. मी निलंग्याला परत गेले तेव्हा महादेवीने माझ्या हातात एक पत्र ठेवलं, उर्दूत लिहिलेलं, पत्ता नसलेलं. हुसेनबीच्या नात्यातल्या एकाबरोबर मी ते उदगीरला धाडलं. उत्तर आलं. जैबुनची शाळा सुटली होती. तिचे अब्बा आता तिला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हते. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही, आणि मग तिसऱ्या दिवशी जेवले. कामाला लागले. एवढंच.

पुष्कळ वर्षांनी मी लातूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. जून महिना, प्रवेशाची गर्दी. दोन बाया आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी टेबलापाशी आल्या. एकीने बुरखा वर केला आणि म्हणाली, "उस्तानीमाँ." दुसरी महादेवी होती, लातूरलाच दिलेली. इतकी वर्षं दोघींची पत्रं चालूच होती. तीही उर्दूत. महादेवी हसून म्हणाली, "सासरी कुणालाच वाचता येत नव्हतं बाई, लई सोय झाली."

मुलगी जैबुनची थोरली. उदगीरहून पुढच्या शाळेसाठी लातूरला ठेवायची होती. जैबुनचा नवरा तयार नव्हता, वर्षभर घरात भांडण चाललं होतं, आणि अजूनही तो कधी येऊन मुलीला उचलून नेईल याची तिला धास्ती होती. बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती. मला तिची माफी मागायची होती. मी तिच्या तब्येतीची चौकशी केली, प्रवासाचा शीण झाला का विचारलं. माफी राहिलीच.

फॉर्म भरायला घेतला. मुलीचं नाव, आईचं, वडिलांचं. गावातले पालक, असा एक रकाना होता.

"माझं नाव घाला," महादेवी म्हणाली.

मी घातलं. शेजारच्या रकान्यात मुलीशी नातं लिहायचं होतं. तिथे कारकून हरकत घेईल हे मला माहीत होतं. पेन धरून मी महादेवीकडे पाहिलं.

जैबुनने उत्तर दिलं. "लिवा ना, मावशी. सख्खी."